सुतकातलं बारसं

इर्सा येणार नाही अशी थेल्वनची खात्री होती, आणि म्हणूनच तो सकाळपासून मजेत होता. जी बहीण त्रेचाळीस वर्षं या जहाजाच्या धक्क्यालासुद्धा लागली नव्हती, ती आज, निघायच्या दिवशी, दुपारच्या जेवणाला कशाला येते? त्यानं ठेवणीतला हिरवा अंगरखा घातला, ताटं मांडताना नातसुनेच्या, लिओमच्या, मध्ये मध्ये केलं, आणि दोन-तीनदा दाराकडे बघून "आली तर आनंदच आहे हो, आपलं दार काही बंद नाही," असं म्हणूनही घेतलं. न येणाऱ्या पाहुण्याच्या बाबतीत मन मोठं ठेवणं त्याला फार चांगलं जमत असे.

दुसऱ्या घंटेला इर्सा आली.

अंगावर राखी वस्त्रं, डावीकडचे केस कानाच्या टोकापर्यंत कापलेले, कपाळावर सुतकी पंथाचं कोळशाचं बोट. मागे तिचा नवरा हाल्म, काखेत आकाशाच्या नकाशांचं नळकांडं. हाल्म उंबऱ्याला अडखळला. तो चालताना नेहमी वर बघत असे, वर नुसतं छत असलं तरी.

"उजेड असो," थेल्वन म्हणाला. ही उजेडी पंथाची नमस्काराची रीत.

"शांत असो," इर्सा म्हणाली. ही सुतकींची.

दोघांनीही समोरच्याला उत्तर दिलं नाही, आणि आपल्या बाजूनं आपण चुकलो नाही याचं समाधान दोघांनी मानलं.

"आत्याआजी!" केर आतून धावत आला. जहाजाच्या सालीला पडलेल्या भेगा बुजवायचं त्याचं काम, तेव्हा कोपरापर्यंत हात डिंकानं माखलेले. वय एकशे नव्वद, घरात पोर जन्मलेलं, पण इर्सापुढे तो सहा वर्षांचाच होत असे. त्याची आई धूमकेतूच्या शेपटातल्या बर्फाच्या वादळात गेली तेव्हा तो तेवढाच होता, आणि त्यानंतर त्याला न्हाऊमाखू घालून मोठा केला तो इर्सानं.

"हात धू आधी," इर्सा म्हणाली, आणि मग न धुतलेल्या हातांसकट त्याला जवळ घेतलं.

थेल्वन छताकडे बघू लागला.

भांडण तसं साधं होतं. तीन हजार वर्षांपूर्वी एल्फांचे पूर्वज अवाढव्य झाडांची जहाजं करून ज्या सूर्याखालून आकाशात निघाले तो सूर्य म्हणजे आवेल. सगळ्यांची आई. जहाजाच्या मागच्या खिडकीतून ती अजून दिसते, मोहरीएवढी, पिवळसर. त्रेचाळीस वर्षांपूर्वी हाल्मनं भरसभेत सांगितलं की माझ्या गणिताप्रमाणे आवेल दोनशे वर्षांपूर्वीच विझली. दिसतो आहे तो तिचा वाटेतला उजेड. झालं. सुतकी म्हणाले, आई गेली हे कळलं की निरोप्या दारात पोचेपर्यंत कुणी गोडधोड खात बसतं का? सुतक धरा. उजेडी म्हणाले, डोळ्यांसमोर दिसते आहे तिला मेली म्हणायला जीभ कशी रेटते? दिवा लावा. दोघांचंही बरोबर होतं, आणि दोन्ही बाजू बरोबर असल्या की भांडण टिकाऊ होतं.

आईचं सुतक एकशे चव्वेचाळीस वर्षांचं. त्यात गोड खायचं नाही, गायचं नाही, आणि नवं नाव तोंडातून काढायचं नाही. पुढे सुतकींच्या धर्मसभेनं, झाडाच्या सालीचा पाक हा गोड पदार्थ नसून औषध आहे, असा निर्णय दिला आणि पंथाची झपाट्यानं वाढ झाली. उजेडींनी रोज संध्याकाळी खिडकीत दिवा लावून सामुदायिक गायन सुरू केलं. ज्यांना गळा नव्हता तेही गाऊ लागले, त्यामुळे आणखी काही लोक सुतकी झाले. हाल्मनं पहिल्याच दिवशी असंही सांगितलं होतं की या गणितात तीनशे वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात. हे वाक्य मात्र दोन्ही पंथांनी आपापल्या पोथ्यांतून गाळलं. वाद ज्याच्यामुळे सुरू झाला त्या हाल्मला आता दोन्हीकडे कुणी बोलायला उभं करत नसे.

आणि आज चौथ्या घंटेला एकमेकांना दोरांनी बांधलेल्या अकरा जहाजांपैकी पाच उलटी फिरणार होती. जिथं आवेल होती तिथं जाऊन शेवटचं पाणी सोडायला. येतानाचे थांबे आणि वळसे वगळले तर जायला सहाशे वर्षं, यायला सहाशे.

"आणि हाल्मराव, गणित चुकलं असलं तर?" ताटावर बसता बसता थेल्वननं विचारलं. त्याला बोलायला तोच एक सोयीचा होता.

"तर उत्तमच की, दादा," हाल्म म्हणाला. "ती भेटेल."

"मग पाणी सोडायला जाताय म्हणून सांगता कशाला?"

"मी नाही सांगत. मला कुणी विचारलेलंच नाही."

"जेवा," इर्सा म्हणाली.

नेच्याचे कोंब होते, शेवाळाची भाकरी होती, आणि थेल्वननं स्वतःच्या हातानं केलेला राळेचा काढा होता. मधाची वाटी लिओमनं इर्सापासून लांब सरकवली. इर्सानं ती कुठं सरकवली हे नीट बघून ठेवलं.

जेवण शांतपणे झालं असतं. तोंड न उघडता जेवणारी माणसं सहसा भांडत नाहीत. पण लिओम उठली, आतल्या खोलीत गेली आणि सात महिन्यांच्या मुलीला घेऊन बाहेर आली. दुसऱ्या हातात दोन बुटकी स्टुलं होती. तिनं ती समोरासमोर मांडली, मधे शेवाळाची गादी टाकली आणि मुलीला तीवर ठेवलं.

थेल्वनच्या घशात कोंब अडकला.

"हे काय?" इर्सानं विचारलं.

"पाट मांडलाय, आत्याआजी."

"मला जेवायला बोलावलं होतंस."

"जेवलात ना?"

"लिओम, मी सुतकात आहे."

"माहीत आहे. मला तुमच्या आवेलचं काही कळत नाही," लिओम म्हणाली. ती एकशे साठ वर्षांची, म्हणजे पोरवयातलीच, आणि वयाला न शोभेल इतकी स्पष्ट होती. "ती मेली असेल तर वाईट झालं, जिवंत असेल तर चांगलं आहे. पण सात महिने मी माझ्या मुलीला 'ए' म्हणून हाक मारते आहे. परवा शेजारच्या जहाजावर कुणीतरी 'ए' म्हटलं तर ही तिकडे बघून हसली. घरात रक्ताचे वडीलधारे दोनच, तुम्ही आणि आजोबा. चौथ्या घंटेला तुम्ही गेलात की बाराशे वर्षं दुसरा कान कोण धरणार?"

एल्फांच्यात नाव असंच ठेवतात. घरातले दोन वडीलधारे मुलाच्या दोन बाजूंना बसतात. आई चार हातांवरून, ओठही हलणार नाहीत इतक्या हळू, नाव सांगते. ते दोघं ऐकतात आणि एकाच क्षणी, दोन्ही कानांत, तेच नाव कुजबुजतात. एकाच कानात नाव गेलं तर मूल आयुष्यभर त्याच बाजूला वळतं. त्यांच्याच घराण्यात ओर्धूमामा असे एककानी होते. ते जन्मभर डावीकडे वळले, आणि दुर्दैवानं जहाजाच्या सुकाणूवर होते. ऐंशी वर्षांचा वळसा पडला होता.

"आजोबा, तुम्ही तरी सांगा ना," केर म्हणाला.

"मी काय सांगणार?" थेल्वन घाईघाईनं म्हणाला. "ज्याचा त्याचा धर्म. तिला नाही जमत तर आपण आग्रह करू नये. कुणाच्या श्रद्धेवर घाला घालणं माझ्या स्वभावात नाही."

केरला आजोबांचा अभिमान वाटला. लिओमला राग आला. इर्सानं मान वळवून भावाकडे बघितलं, आणि तिच्या नजरेत असं काही होतं की थेल्वननं काढ्याचा पेला उचलून तोंडासमोर धरला.

खरी गोष्ट अशी होती की त्याला ऐकू येत नव्हतं.

नव्वद वर्षांपासून. आधी पानांची सळसळ गेली, मग भिंतीपलीकडचे आवाज, मग कुजबूज. समोर बसून कुणी नीट बोललं तर ओठ बघून आणि अंदाजानं निभावून जाई. हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, कारण एल्फाचे कान जातात ही कल्पनाच कुणी केली नव्हती. जहाजं लाकडाची, कान असे तिखट की तीन मजले खालच्या नवरा-बायकोचं भांडण वरच्याला पाठ व्हावं. अशा ठिकाणी राहायचं तर सगळी सभ्यता न ऐकण्यात असते. काहीही कानावर आलं तरी "मी ऐकलं नाही" म्हणायचं आणि चेहरा कोरा ठेवायचा. बाकीच्यांचा चेहरा कधी ना कधी फसे. थेल्वनचा नव्वद वर्षांत एकदाही फसला नव्हता. लोक मुलांना त्याचं उदाहरण देत. त्याला तीनदा लवादावर निवडून दिलं होतं. सभ्यतेचा एवढा मोठा मान अंगावर चढल्यावर तो उतरवून "माझे कान गेलेत" म्हणणं दिवसेंदिवस कठीण होत गेलं.

आणि आता लिओम चार हातांवरून, ओठ न हलवता, नाव सांगणार होती. तो भलतंच नाव कुजबुजला असता तर पोर दुनावी झालं असतं. दुनावी मूल कुणाच्याच हाकेला ओ देत नाही म्हणतात.

त्याला इर्सा हवी होती. सकाळपासून त्यानं तिच्या जागी भाकरीचा मऊ भाग वेगळा काढून ठेवला होता, हे कुणाला कळू दिलं नव्हतं. पण ती तिच्या धर्मावर अडून राहिली तर निदान अब्रू राहील, असंही त्याला वाटत होतं. सातशे ऐंशी वर्षांच्या माणसाच्या मनात दोन्ही गोष्टी आरामात मावतात.

"बघितलंत?" इर्सा म्हणाली. ती हाल्मला म्हणाली, पण बघत भावाकडे होती, म्हणून थेल्वनला कळलं. "आजही तेच. त्या दिवशी केलं तेच."

"इर्सा, जाऊ दे," हाल्म म्हणाला.

"का जाऊ दे? बाराशे वर्षं जाऊच देणार आहे. आज बोलते." तिनं हातातली भाकरी खाली ठेवली. "दादा, त्रेचाळीस वर्षांपूर्वी यांनी सभेत गणित सांगितलं. लोक ओरडायला लागले. कुणी आईचा खुनी म्हटलं, कुणी आणखी काही. मी यांच्या शेजारी एकटी उभी होते. मला गणित कळत नव्हतं. आवेल मेली की जिवंत आहे, काही कळत नव्हतं. तू समोर ज्येष्ठांच्या रांगेत होतास. मी तुला म्हटलं, दादा, इकडे ये, माझ्याजवळ उभा राहा. एवढंच. यांची बाजू घे म्हटलं नाही. नुसता उभा राहा म्हटलं."

थेल्वनच्या हातातला पेला खाली आला.

"तू हसलास," इर्सा म्हणाली, "आणि तोंड फिरवून छताकडे बघत बसलास."

वरच्या मजल्यावरची माणसं चालायची थांबली असावीत, कारण छतातून पडणारा भुसा थांबला.

"मी ऐकलं नाही," थेल्वन म्हणाला.

"पुरे झाली ती सभ्यता!"

"सभ्यता नाही गं. खरंच ऐकलं नाही."

"सगळे असंच म्हणतात."

"अगं सगळे म्हणतात ते वेगळं, मी म्हणतोय ते वेगळं!" थेल्वनचा आवाज चढला. "ते ऐकून म्हणतात ऐकलं नाही. मी न ऐकता म्हणतोय. म्हणजे, ऐकलं नाही म्हणजे... कानात आलंच नाही. येतच नाही. काहीच येत नाही, इर्सा."

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. एल्फांच्या भाषेत बहिरा असा शब्द नव्हता, आणि 'ऐकलं नाही' हे वाक्य हजारो वर्षांच्या शिष्टाचारानं इतकं झिजून गेलं होतं की त्यात खरी गोष्ट भरून द्यावी तर ती खालून गळून जात होती.

"आजोबा, तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" केरनं काळजीनं विचारलं.

"बरं आहे. कान गेलेत."

"कुठं गेले?" केर म्हणाला, कारण ते डोक्यावर होतेच, चांगले वीतभर, टोकाला हिरवा गोंडा लावलेले.

अशा वेळी उपयोगी पडतो तो शास्त्रज्ञ. हाल्म उठला, नळकांडं खाली ठेवलं, थेल्वनच्या मागे जाऊन सात पावलं मोजली आणि त्याच्या पाठीकडे तोंड करून काहीतरी कुजबुजला.

लिओमनं तोंडावर हात धरला. केर लाल झाला. इर्सा थक्क होऊन नवऱ्याकडे बघू लागली.

थेल्वन तसाच बसून होता. "झालं का? काय करताय मागे?"

"दादा," हाल्म पुढे येऊन, तोंडासमोर तोंड आणून म्हणाला, "मी म्हटलं, तुमच्या राळेच्या काढ्याला कुजक्या सालीचा वास येतो, आणि भांडणाआधीची तीनशे वर्षं मी तो तुमच्याकडे पाठ करून कुंडीत ओतत होतो."

थेल्वनचा चेहरा पडला. पण तो आत्ता पडला, मघाशी नाही, आणि हे सगळ्यांनी बघितलं. काढ्याची निंदा ऐकून कोरा चेहरा ठेवणं थेल्वनच्या आवाक्यातलं नव्हतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"कुजक्या सालीचा?" तो म्हणाला.

"सिद्ध झालं," हाल्म म्हणाला. "कान गेलेत. तीनशे वर्षं इकडेतिकडे नाही, नक्की."

इर्सा उठली. ती भावापर्यंत दोनच पावलं चालली, पण तिला वेळ लागला.

"कधीपासून?"

"नव्वद झाली."

"म्हणजे सभेच्या दिवशी..."

"त्या दिवशी मला काहीच कळत नव्हतं. नुसते ओठ हलताना दिसत होते सगळ्यांचे. तुझेही. मला वाटलं तू काळजी करू नको म्हणतेयस. म्हणून हसलो."

"आणि छताकडे?"

"छताकडे मी नेहमीच बघतो. छत बोलत नाही ना."

इर्सानं त्याचा कान हातात घेतला. लहानपणी तो तिचा कान पिरगाळत असे, तसा नाही. फांदीला कीड लागली आहे का हे बघतात तसा, बोटानं चाचपत.

"मूर्खा," ती म्हणाली.

"हे ऐकू आलं."

"हळूच म्हटलं होतं."

"तुझ्या तोंडून हा शब्द ओठांवर ओळखतो मी. सहाशे वर्षांची सवय आहे."

ती हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि सुतकात रडायला बंदी नसल्यामुळे तिनं ते भरू दिले. "मी त्रेचाळीस वर्षं गोड खाल्लं नाही," ती म्हणाली. "आवेलसाठी म्हणून. निम्मं तुझ्यावरच्या रागानं."

"मी त्रेचाळीस वर्षं रोज संध्याकाळी गातो," थेल्वन म्हणाला. "तू तिकडे गेलीस म्हणून मी इकडे. काय गातो ते मला ऐकूही येत नाही."

"आम्हाला येतं," इर्सा म्हणाली. "पाचव्या जहाजापर्यंत येतं."

गादीवरच्या मुलीनं या वेळी पायाचा अंगठा तोंडात घातला आणि सगळ्यांना आठवण करून दिली की तिला अजून नाव नाही.

लिओम खाली बसली. तिचा मघाचा ताठा गेला होता. "आजोबा, मग तुम्ही नाव ऐकणार कसं?"

"म्हणून तर मी..." थेल्वन थांबला. "सकाळपासून मी देवाला म्हणतोय, इर्सा यायला पाहिजे. आणि म्हणतोय, नको यायला. मी चुकीचं नाव घेतलं असतं तर?"

"मोठ्यानं सांगायचं मग," हाल्म म्हणाला.

"मोठ्यानं?" केर दचकला. "नाव मोठ्यानं सांगत नाहीत! सगळ्या जहाजाला ऐकू जाईल."

"सगळ्या जहाजाला तसंही ऐकू जातं."

"हो, पण सगळे ऐकलं नाही म्हणतात ना! मोठ्यानं सांगितलं तर ते काय म्हणणार?"

अखेर थेल्वन स्टुलावर जाऊन बसला. "लिओम, तू हळूच सांग. मी ओठ बघतो. जरा हलव मात्र."

समोरचं स्टूल रिकामं होतं. सगळ्यांच्या नजरा तिकडे गेल्या आणि तिथून निघून दुसरीकडे वळल्या, सभ्यपणे. इर्सा उभीच होती. कपाळावरचं कोळशाचं बोट तिनं चाचपलं. मग ती बसली, पण हात मांडीवर ठेवून, ओठ मिटून.

"मी नुसती बसते," ती म्हणाली. "दुसरा कान धरून. नाव घेणार नाही. पाटावर कुणी नाही असं नको."

लिओमनं मान हलवली, श्वास घेतला आणि ओठ किंचित हलवून नाव सांगितलं.

थेल्वन एकटक बघत होता. "पिरेल?" त्यानं भीत भीत विचारलं.

केरनं डोळे मिटले. पिरेल म्हणजे मोरीच्या तोंडावरची जाळी.

"नाही, आजोबा." लिओमनं पुन्हा सांगितलं.

"पिरेलच दिसतंय मला."

"ते नाही हो!"

"बिरेल?"

बिरेल म्हणजे काय ते इथं सांगण्यासारखं नाही. वरच्या मजल्यावर कुणीतरी धपकन खाली बसलं.

थेल्वननं मुलीकडे बघितलं. ती त्याच्याकडे बघून हसत होती, कुणीही 'ए' म्हटलं तरी हसायची तशीच. "मला नाही जमणार गं," तो लिओमला म्हणाला. "नव्वद वर्षं जमवलं. आजच नाही जमत. तू दुसरं कुणी बघ. शेजारचा एखादा म्हातारा बघ." आणि तो उठायला लागला.

"बस खाली!"

ही इर्सा होती. तिनं मुलीवरून वाकून भावाचा कान धरला, चांगला घट्ट, त्याला जवळ ओढलं आणि त्याच्या कानाच्या भोकाला तोंड लावून सगळ्या ताकदीनिशी ओरडली:

"मिरेल! म म मावशीचा! मिरेल! पानाच्या खालच्या बाजूची सावली! मिरेल!"

जहाजाच्या लाकडात तो आवाज मुळापासून शेंड्यापर्यंत गेला. सुतकींच्या धक्क्यावर लोक पेट्या बांधत होते, त्यांचे हात थांबले. उजेडींच्या गायनखोलीत तालीम चालू होती, ती थांबली. दोन क्षण अशी शांतता पसरली की जिच्यात कुणालाही काहीही ऐकलं नाही म्हणता येईना. मग तीन मजले खालून, कुठल्या पंथाच्या कुणाला ठाऊक, एक बाई म्हणाली, "छान आहे हो नाव!"

थेल्वन हसत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि उजव्या कानात अजून घणघणत होतं. "मिरेल," तो म्हणाला. "मिरेल. आलं! आलं मला ऐकू!"

"मग बघतोयस काय? सांग तिला!"

ती डावीकडून वाकली, तो उजवीकडून. आणि दोघांनी, एकाच क्षणी, तेच नाव, तिच्या दोन्ही कानांत सांगितलं. मुलीनं आधी इकडे बघितलं, मग तिकडे, मग ही दोन म्हातारी डोकी एवढ्या जवळ का आलीत हे न कळून रडायला लागली. लिओमनं तिला उचललं आणि जन्मल्यापासून पहिल्यांदा हाक मारली. त्या हाकेचं काय झालं ते तिचं तिला ठाऊक. ती पाठ फिरवून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते.

केर हळूच म्हणाला, "आत्याआजी, तुमचं सुतक?"

"मोडलं," इर्सा म्हणाली. तिनं लांब ठेवलेली मधाची वाटी जवळ ओढली, बोट बुडवलं आणि चाटलं. "त्रेचाळीस वर्षं पाण्यात. आता पुन्हा पहिल्यापासून. पुरती एकशे चव्वेचाळीस."

"मग जाऊच नकोस," थेल्वन पटकन म्हणाला. "राहा इथंच. हाल्मरावांना मी काढा देणार नाही."

तिनं भावाच्या गुडघ्यावर हात ठेवला. "यांना बघायचंय रे, आपण बरोबर होतो की चूक. त्या दिवशी यांच्याजवळ उभी राहिले, आता कशी सोडू? आणि दादा, ती खरंच गेली असेल, तर कुणीतरी जायला हवं ना तिच्याकडे. आईच ती."

थेल्वननं यावर उजेडी पंथाचं उत्तर द्यायला हवं होतं. ते त्याला पाठ होतं. त्यानं दिलं नाही.

"सुतक कधीपासून धरायचं मग?" त्यानं विचारलं.

"जहाज सुटलं की. तोवर मोडलेलंच आहे." इर्सानं दोन्ही हात पुढे केले. "आण गं तिला इकडे. एकशे चव्वेचाळीस वर्षं मला हिचं नाव घेता येणार नाही. त्या सगळ्या हाका आत्ताच मारून ठेवते."

लिओमनं मुलगी तिच्या मांडीवर दिली. इर्सानं तिला समोर धरलं आणि सुरुवात केली.

"मिरेल, माती खाऊ नको. मिरेल, बापाच्या डिंकाला हात लावलास ना? दाखव हात. मिरेल, ऊठ, शाळेची घंटा झाली. मिरेल, वेणी घालून घे, ये. मिरेल, पणजोबांशी समोर येऊन बोलायचं, पाठीमागून नाही. मिरेल, कुणाशी बोलत होतीस एवढा वेळ धक्क्यावर? मिरेल, रुसलीस का?"

दर हाकेला मुलगी मान वर करून बघत होती. हाल्म नळकांडं मांडीवर घेऊन छताकडे बघत होता. त्याच्या हनुवटीवरून काहीतरी ओघळत होतं, त्याकडे त्याचं लक्ष नव्हतं. केरनं डिंकाचे हात तोंडावर धरले होते. थेल्वन अगदी जवळ, बहिणीच्या तोंडासमोर येऊन बसला होता, एकही हाक सुटू नये म्हणून.

चौथी घंटा झाली. ती थेल्वन सोडून सगळ्यांनी ऐकली. इर्सानंही ऐकली, आणि ती थोडी भरभर बोलू लागली.

"मिरेल, तापात कण्हतेस का, मी आहे इथं. मिरेल, एवढं काम नको करू. मिरेल..."

दारात एक सुतकी निरोप्या येऊन उभा राहिला. राखी कपडे, हातात दोर. पाचपैकी चार जहाजांची दारं लागली होती, फक्त एकच उघडं होतं, आणि कप्तान चिडला होता. निरोप्यानं बोलायला तोंड उघडलं आणि थेल्वनला त्याचे ओठ हलताना दिसले.

"थांबायला सांगा जहाजाला," थेल्वन म्हणाला. "पोरीचं अजून लग्न व्हायचंय."